उल्हास खोऱ्यावरील पाऊस आणि रडारचे स्थानिक तक्ते

ठाण्याच्या खाडीपासून वांगणी-कर्जतपर्यंत पसरलेल्या आणि उल्हास, वालधुनी, बारवी ह्या जलप्रवाहांच्या भरवशावर अथवा त्यांच्या दहशतीखाली वसलेल्या प्रदेशात पावसाळ्याचे चार महिने माणसे आकाशाकडे जितक्या वेळा पाहत असतील, त्याहून अधिक वेळा ती हल्ली हातातील फोनवरच्या हिरव्या-पिवळ्या-तांबड्या डागांकडे पाहतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच अवधीत कुलाब्याला तो सुमारे ७३ मिलिमीटरच भरला. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हते, आणि दोन पर्जन्यमापकांच्या मधल्या अंतरात काय चालले आहे हे कळण्यास तो दिवस उलटून जावा लागला. त्यानंतर कुलाब्यास दहा सेंटिमीटर तरंगलांबीचे, म्हणजे एस-बँडचे, डॉप्लर रडार आले. जानेवारी २०२२ मध्ये जोगेश्वरीनजीकच्या वेरावलीच्या टेकडीवर पाच सेंटिमीटरचे, सी-बँडचे, दुसरे रडार सुरू झाले, आणि महानगराच्या परिघावर तीन सेंटिमीटरच्या लहान एक्स-बँड रडारांची मालिका उभारण्याच्या योजनेचाही बोलबाला होत राहिला आहे. यंत्रे वाढली, ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. परंतु यंत्राने पाहिलेले दृश्य आणि आपल्यापर्यंत पोचणारा तांबडा डाग ह्यांच्या दरम्यान आकड्यांची एक फाइल असते, आणि ती फाइल वाचण्याची किल्ली पुष्कळदा फाइलीत नसून ती पाठवणाऱ्या कचेरीच्या कपाटात असते. ह्या किल्लीचा, म्हणजेच स्थानिक संकेत-तक्त्यांचा, प्रश्न एकंदर कसा आहे ह्याचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम यंत्राची दृष्टी ध्यानात घेतली पाहिजे. कुलाब्याहून कल्याण स्थानक सरळ रेषेत सुमारे पन्नास किलोमीटर पडते. रडारची शलाका क्षितिजापासून अर्धा अंश वर धरली, तर वातावरणातील वक्रीभवनाचा हिशेब करूनही कल्याणवर येईतो ती जवळजवळ सहाशे मीटर उंच गेलेली असते, आणि एक अंश रुंदीची शलाका तेथे आठ-नऊशे मीटर जाड झालेली असते. म्हणजे कल्याणच्या रस्त्यावर पडणाऱ्या पावसाचे नव्हे, तर त्याच्या डोक्यावर अर्ध्या किलोमीटरवर लोंबणाऱ्या पावसाचे ते माप होय. वेरावलीहून कल्याण सुमारे तीस किलोमीटरवर येते, त्यामुळे शलाका बरीच खाली राहते. उलट ठाणे इतके जवळ, सुमारे बारा किलोमीटरवर, येते की सर्वांत वरचा उन्नतांश वीस अंशांच्या आसपास धरला तरी तेथे साडेचार किलोमीटरपलीकडचा मेघ दृष्टीच्या बाहेरच राहतो. त्यात लहान तरंगलांबीची शलाका मुसळधार पावसातून जाताना क्षीण होते. एक्स-बँडला हा रोग सर्वाधिक, एस-बँडला अत्यल्प. तात्पर्य, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीवरील पावसाचे यथार्थ चित्र एका रडारवरून मिळण्याजोगे नाही. ते दोन-तीन रडारांचे आकडे शेजारी शेजारी ठेवूनच जुळवावे लागते. आणि शेजारी ठेवण्यासाठी ते आधी एकाच भाषेत वाचता आले पाहिजेत.

हवामानखात्यांचा आकड्यांचा व्यवहार रडारहून कितीतरी जुना आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापिली, भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये निघाले, आणि तारायंत्राच्या काळापासून निरीक्षणे पाच-पाच अंकांच्या गटांत पाठवण्याचा प्रघात पडला. जिला आंतरराष्ट्रीय संकेतावली म्हणत, तीत कुलाब्याचा क्रमांक ४३०५७ आणि सांताक्रूझचा ४३००३. कोठेही बसलेल्या तारमास्तराला अथवा हवामानज्ञाला हे आकडे समजत. तथापि त्या संकेतावलीतही एक भाग विभागीय प्रघातांसाठी आणि एक भाग राष्ट्रीय उपयोगासाठी मोकळा सोडलेला असे, आणि त्या मोकळ्या जागेत प्रत्येक देश आपापल्या सोयीचे लिहीत असे. स्थानिक तक्त्यांचा प्रश्न संगणकाबरोबर जन्मला अशी जी समजूत आढळते ती ह्या कारणाने बरोबर नाही. फरक एवढाच की तारेतील अपरिचित गट वाचणारा वगळून पुढे जाऊ शके, कारण गटागटांमध्ये मोकळी जागा असे.

जागतिक हवामान संघटनेने १९८८ मध्ये जी द्विमान संकेतावली स्वीकारली, तिच्यात ही मोकळी जागा गेली. तिचे अधिकृत नाव एफएम ९४, व्यवहारातील नाव बफर. फाइलीच्या आरंभी ‘बफर’ ही चार रोमन अक्षरे आणि अखेरीस ७७७७ हे चार अंक. मध्ये क्रमाने पाठवणाऱ्या केंद्राची ओळख, मजकुराची यादी आणि मग मजकूर. यादीतील प्रत्येक नोंद सोळा बिटांची असून तिचे तीन भाग पडतात: पहिले दोन बिट नोंदीचा प्रकार सांगतात, पुढचे सहा वर्ग सांगतात, शेवटचे आठ त्या वर्गातील अनुक्रमांक. मजकुरात मात्र नावे नसतात, एककेही नसतात, असतात ते केवळ बिट. अमुक नोंद म्हणजे अक्षांश, तो अंशाच्या शतांशात, त्यात नऊ हजार मिळवून, पंधरा बिटांत लिहिलेला आहे, ही माहिती तक्ता ‘ब’ मध्ये असते. अनेक नोंदींच्या ठरीव मालिका तक्ता ‘ड’ मध्ये. आणि रुंदी-प्रमाण तात्पुरते बदलण्याच्या आज्ञा तक्ता ‘क’ मध्ये. ह्या संकेतावलीला तिचे पुरस्कर्ते स्वयंवर्णनात्मक म्हणत आले आहेत. हे वर्णन, सौम्य शब्दांत सांगायचे तर, उदार आहे. ती स्वतःचे वर्णन करीत नाही, आपले वर्णन कोणत्या पुस्तकाच्या कितव्या ओळीत सापडेल तेवढे सांगते.

आता ह्या पुस्तकात संघटनेने मुद्दामच काही पाने कोरी ठेवली. ४८ ते ६३ हे वर्ग संपूर्णपणे, आणि इतर प्रत्येक वर्गातील १९२ ते २५५ हे अनुक्रमांक, स्थानिक उपयोगासाठी राखून ठेवले. हेतू योग्यच होता. नवे यंत्र आले, नवी राशी मोजली जाऊ लागली, तर जिनिव्हातील संघटनेची मंजुरी येईपर्यंत काम थांबवून कसे चालेल? परंतु एकच क्रमांक दोन केंद्रांत दोन अर्थ धारण करू शकतो, हा त्याचा अटळ परिणाम होय. म्हणून फाइलीच्या पहिल्या विभागात केंद्राचा क्रमांक (एक्सेटरचा ७४, तुलूझचा ८५, वॉशिंग्टनचा ७, टोकियोचा ३४), मूळ तक्त्याची आवृत्ती आणि स्थानिक तक्त्याची आवृत्ती अशी तिहेरी खूण लिहिण्याची तजवीज आहे. ह्या तीन आकड्यांखेरीज स्थानिक नोंदीला अर्थ नाही, आणि हे तीन आकडे माहीत असूनही तो विशिष्ट तक्ता हाती नसेल तर अर्थ नाहीच.

तक्ता नसल्याची हानी केवळ एका राशीपुरती मर्यादित राहत नाही, हे ज्याने प्रत्यक्ष बिट मोजले नाहीत त्याच्या सहसा लक्षात येत नाही. अज्ञात नोंदीची रुंदीही अज्ञात असते, आणि मजकुरात विरामचिन्हे नसल्यामुळे रुंदीत एका बिटाची चूक झाली की पुढचे सारे घसरते. कल्याणचा अक्षांश १९.२४ घ्या. वरच्या नियमाने तो १०९२४ असा लिहिला जाईल. आधीच्या अज्ञात नोंदीची रुंदी एका बिटाने अधिक धरली, तर वाचन एक बिट उशिरा सुरू होते, संख्या दुप्पट होऊन २१८४८ किंवा २१८४९ येते, आणि कल्याण १२८ अंशांहून अधिक अक्षांशावर जाऊन बसते. असे स्थान पृथ्वीवर नसल्याने चूक निदान उघडी तरी पडते. परंतु रुंदी एका बिटाने कमी धरली आणि आधीचा बिट शून्य असला, तर संख्या ५४६२ होते आणि अक्षांश उणे ३५.३८ येतो. हे स्थान पृथ्वीवर आहे, ते दक्षिण गोलार्धात आहे, आणि यंत्राला त्यात काहीच वावगे दिसत नाही. पहिल्या प्रकारची चूक सुदैवाची म्हटली पाहिजे.

ह्या आपत्तीवर संकेतावलीतच एक उपाय आहे आणि तो जितका वापरला जावा तितका जात नाही, असे नोंदवणे भाग आहे. तक्ता ‘क’ मधील सहाव्या आज्ञेने पाठवणारा असे सांगू शकतो की, ह्यापुढील स्थानिक नोंद अमुक बिटांची आहे. मग वाचणाऱ्याकडे तक्ता नसला तरी तो तेवढे बिट ओलांडून पुढे जाऊ शकतो. तारेतील मोकळी जागाच ह्या आज्ञेने परत मिळते म्हणा ना. ही आज्ञा नसेल, तर युरोपीय मध्यम-मुदतीच्या हवामान केंद्राच्या ईसी-कोड्ससारखे दक्ष सॉफ्टवेअर अपरिचित नोंदीपाशी थबकते आणि व्याख्या सापडत नाही असे सांगून काम बंद करते. कित्येकांना हा उद्धटपणा वाटतो. माझ्या मते अंदाजाने पुढे वाचत जाणाऱ्या आज्ञावलीपेक्षा हा उद्धटपणा शतपटीने बरा.

रुंदी कळली म्हणजे अर्थ कळला असे मात्र नव्हे. मूळ तक्त्यात परावर्तकतेची नोंद सात बिटांची असून वाचलेल्या संख्येतून ६४ वजा केले की डेसिबेलमधील मूल्य येते. एका सुप्रसिद्ध यंत्रनिर्मात्याच्या आठ-बिटी पद्धतीत संख्येतून ६४ वजा करून बाकीला दोनाने भागावयाचे असते. आता फाइलीत १०४ हा आकडा आला. पहिल्या नियमाने तो ४० डेसिबेल, दुसऱ्या नियमाने २० डेसिबेल. मार्शल आणि पामर ह्यांच्या १९४८ पासून रूढ असलेल्या सूत्राने पाऊस काढला, तर पहिल्या वाचनात तासाला साडेअकरा मिलिमीटर, दुसऱ्यात तासाला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची भुरभुर. आकडा तोच, बिट तेच, बदलापूरवरचा ढगही तोच. जुन्या दप्तरांचेही असेच: पेशवे दप्तरातील कागदावर ‘सलास खमसैन मया व अलफ’ असा सन वाचून ज्याने जंत्री उघडली नाही, त्याला ११५३ ही संख्या फार तर जुळवता येईल. पण तो शुहूर सन आहे, मृगापासून सुरू होतो, आणि त्यात मृगानंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावयाचे, म्हणजे १७५२-५३, हे कागद त्याला सांगत नाही. तो लिहिणाऱ्या कारकुनाला जंत्रीची गरज नव्हती. त्याच्या कचेरीत सर्वांना तो सन पाठ होता. स्थानिक तक्त्यांचे सारे दुखणे ह्या एका गोष्टीत आले: लिहिणाऱ्याला जे पाठ असते ते लिहून ठेवावे असे त्याला वाटत नाही.

ह्याहूनही सूक्ष्म, आणि माझ्या समजुतीने अधिक घातक, प्रश्न रिकाम्या जागेचा आहे. बफरमध्ये सर्व बिट एक असले की मूल्य अनुपलब्ध, हा सामान्य नियम. पण रडारच्या बाबतीत अनुपलब्ध ह्या एका सदराखाली निदान दोन निरनिराळ्या स्थिती येतात: शलाका तेथवर पोचली आणि तिला काही आढळले नाही, अथवा शलाका तेथवर पोचलीच नाही. मलंगगडाच्या अथवा माथेरानच्या डोंगरामागील एखादा कोपरा चित्रात पांढरा दिसतो तो कोरडा आहे म्हणून, की रडारला अदृश्य आहे म्हणून? पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात बसलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ह्या दोन पांढऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही निर्मात्यांच्या रचनेत ० आणि २५५ असे दोन वेगळे आकडे ह्यासाठी राखलेले असतात. परंतु ती फाइल एका साच्यातून दुसऱ्या साच्यात ओतताना, स्थानिक तक्ता ध्यानात न घेता, दोहोंचे एकाच रिक्त मूल्यात रूपांतर केले, की तो फरक कायमचा पुसला जातो. नंतर कोणताही तक्ता मिळवला तरी तो परत येत नाही. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हासच्या पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा घटनेचा उत्तरकाळी अभ्यास करणाराला मध्यरात्रीनंतरच्या फाइलींतील प्रत्येक पांढरा ठिपका कोणत्या जातीचा आहे हे कळले पाहिजे.

इतर देशांनी काय केले ते थोडक्यात पाहू. युरोपातील राष्ट्रीय हवामानसंस्थांनी ऑपेरा नावाच्या उपक्रमाखाली रडारची आकडेवारी परस्परांस देण्यासाठी बफरच निवडली, आणि मूळ तक्त्यांत रडारला पुरेशा नोंदी नसल्यामुळे स्वतःचे स्थानिक तक्ते तयार केले. मात्र ते आज्ञावलीबरोबर साध्या मजकुराच्या फाइली म्हणून सर्वांस देऊन टाकले. तरीही केंद्र आणि आवृत्ती ह्यांनुसार तक्त्यांच्या फाइलींचा संसार वाढतच गेला, आणि अखेर त्यांनी एचडीएफ-५ ह्या वाहकावर आधारलेली नवी रचना उभारली, जिच्यात प्रत्येक चित्राबरोबर गुणक, आरंभमूल्य, ‘मोजलेच नाही’चा आकडा आणि ‘आढळले नाही’चा आकडा हे सारे लिहिलेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय केंद्राने दुसरी वाट धरली. बफरच्या विषयसूचीत रडारला ६ हा क्रमांक आहे, तसा ११ हा क्रमांक खुद्द तक्त्यांसाठी आहे. त्याचा उपयोग करून ते केंद्र आपले तक्ते फाइलीच्या आरंभीच बफरच्या रूपात घालून पाठवते. जागा थोडी अधिक लागते, इतकेच. मला ही तोड सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण ती पाठवणाऱ्याच्या चांगुलपणावर अथवा वाचणाऱ्याच्या पत्रव्यवहारावर अवलंबून नाही.

आपल्याकडची परिस्थिती निराळ्या कारणाने गुंतागुंतीची आहे. हवामान खात्याची रडारे एका घराण्याची नाहीत. चेन्नईस २००२ मध्ये आणि नंतर कोलकात्यास जर्मनीच्या गेमाट्रोनिकची यंत्रे आली; काही यंत्रे भारत इलेक्ट्रॉनिक्सने इस्रोच्या सहकार्याने घडवली; काही बीजिंगच्या मेटस्टार कंपनीकडून घेतली गेली. प्रत्येक निर्मात्याची मूळ फाइल निराळी, आणि प्रत्येकाच्या पोटात त्याचे खाजगी संकेत. संशोधकाच्या हाती पडते ती बहुधा रूपांतरित नक्कल. पाय-आर्ट, डब्ल्यूरॅडलिब ह्यांसारख्या मुक्त आज्ञावलींनी सिगमेट, रेनबो आदी निर्मात्यांच्या रचना उलगडून ठेवल्या आहेत आणि हे उपकार थोर आहेत. तथापि त्या आज्ञावली वाचतात ती सर्वसाधारण रचना. अमुक केंद्राने अमुक वर्षी बसवलेला विशेष संकेत त्यांना कोणी सांगितला तरच ठाऊक.

तक्ता मुळीच हाती नसेल तर काय करता येते, ह्याचे उत्तर निराशाजनक नाही, पण त्याची मर्यादा स्पष्ट आहे. प्रथम यादीतील नोंदी सुट्या करून ४८ पासून पुढील वर्गांच्या आणि १९२ पासून पुढील अनुक्रमांकांच्या बाजूला काढाव्या. मग मजकूर-विभागाच्या एकूण बिटांतून ज्ञात नोंदींचे बिट वजा करावे. बाकी उरते ती अज्ञातांची बेरीज. अज्ञात एकच असेल तर रुंदी लगेच निघते, अनेक असतील तर निरनिराळ्या फाइलींची समीकरणे मांडावी लागतात, आणि प्रत्येक अनुमानाची कसोटी पुढच्या ज्ञात नोंदीवर घ्यावी लागते: अक्षांश नव्वदाच्या आत आहे काय, महिना बारापेक्षा अधिक तर नाही ना, मिनिटे साठाखाली आहेत काय. दिगंश आणि अंतर पडताळण्यास डोंगर उपयोगी पडतात. मलंगगड, माथेरान हे आपल्या जागा सोडत नाहीत, आणि कोरड्या रात्रीच्या फाइलीत त्यांचे प्रतिध्वनी अपेक्षित ठिकाणी उमटले तर भूमिती बरोबर वाचली असे समजावे. परंतु राशीचे एकक, प्रमाण आणि अर्थ ह्या मार्गाने मिळत नाहीत. पर्जन्यमापकाशी तुलना करून प्रमाण अनुमानता येईल खरे. पण रडारचे माप अर्ध्या किलोमीटरवरचे, मापकाचे जमिनीवरचे, आणि त्यात फाइलीतील वेळ जागतिक तर मापकाचा पर्जन्यदिन भारतीय वेळेने सकाळी साडेआठला संपणारा. साडेपाच तासांच्या ह्या फरकामुळे २१ वाजताची फाइल आपल्याकडील दुसऱ्या दिवसाच्या पहाटे अडीचची असते. अनुमानाने मिळवलेल्या प्रमाणावर ह्या सर्व अनिश्चिततेचा बोजा पडतो, आणि अशा प्रमाणावरून पुराची रेषा आखण्याचे धाडस कोणी करू नये.

आता असे म्हणण्यात येते की नेटसीडीएफ, एचडीएफ-५ अशा रचना आल्यामुळे आणि जागतिक संघटनेनेही सीएफ-रेडियलच्या धर्तीवर एफएम ३०१ ही रडारची प्रमाण रचना आपल्या नियमग्रंथात घेतल्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटेल. अंशतः मिटेल. राशीचे नाव, एकक, गुणक फाइलीतच लिहिले जाऊ लागले म्हणजे नवख्या वाचकाचा मार्ग पुष्कळच सुकर होतो. पण नाव लिहिले म्हणून अर्थ निश्चित होतो असे नाही. परावर्तकता लिहिली, ती गाळणी लावण्यापूर्वीची की नंतरची, क्षीणन भरून काढलेली की मूळची, हे लिहिण्याचे बंधन पाळणारी कचेरी पाहिजे. सी-बँड आणि एक्स-बँडच्या रडारांत तर ही बाब टाळताच येत नाही. शिवाय नव्या रचनेने जुन्या फाइलींचे काहीच होत नाही. गेल्या काही दशकांतील साठा ज्या रूपात आहे त्याच रूपात वाचावा लागणार.

म्हणून ह्या प्रश्नाचा खरा कणा रचनेत नसून दप्तरात आहे असे मला वाटते. प्रत्येक रडार केंद्राने आपल्या स्थानिक तक्त्याची प्रत्येक आवृत्ती, ती अमलात आल्याच्या आणि बंद झाल्याच्या तारखांसह, आकडेवारीच्या शेजारीच ठेवावी. नवी आवृत्ती जुनीवर लिहू नये, तर तिच्यापुढे लावावी. फाइलीतील स्थानिक आवृत्तीचे घर एकाच बाइटचे आहे, आणि बदल करताना तो आकडा वाढवण्याचे विसरणे ही चूक इतकी सोपी आहे की तारखेची बारनिशी हाच तिच्यावर एकमेव भरवसा. येथील महसुली इतिहासाशी परिचित असलेल्यांना ह्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको: १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, तेव्हापासून ‘ठाणे जिल्ह्याचा पाऊस’ ह्या शब्दांखाली दोन भिन्न प्रदेशांची सरासरी येते, आणि तारीख न पाहता दोन्ही मालिका जोडणारा अभ्यासक जव्हार-मोखाड्याचा पाऊस अर्ध्यावर गमावून बसतो. तेथे निदान शासकीय अधिसूचना उपलब्ध आहे. रडारच्या तक्त्यातील बदलाला अधिसूचना नसते. तो एखाद्या अभियंत्याच्या यंत्रावर एका संध्याकाळी होतो. परिघावर जी लहान रडारे येऊ घातली आहेत त्यांच्या खरेदीच्या करारातच, यंत्र, सुटे भाग आणि देखभाल ह्यांच्या जोडीला, मूळ फाइलीच्या रचनेचा पूर्ण दस्तऐवज आणि त्यातील प्रत्येक बदलाची नक्कल खात्याच्या स्वाधीन करण्याचे व ती जाहीर करण्यास मुभा असल्याचे कलम घालता येते. करारावर सही होण्यापूर्वी ह्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. सही झाल्यानंतर पुरवठादार त्याची किंमत सांगू लागतो.